कार्ड मागायला आलेला माणूस

आमच्या सेनगावात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी राख सावडून लोक घरी परततात, तेव्हा ओट्यावर एक माणूस आधीच येऊन बसलेला असतो. पांढरा शर्ट, खाकी पँट, कानामागे पेन्सिल, मांडीवर कापडी पिशवी. घरातलं रडणं थोडं ओसरू देतो, पुढे आलेला चहा हातानेच नको म्हणतो, आणि मग घशातल्या घशात विचारतो, "गेलेल्याचं वाचनालयाचं कार्ड कुठं असन? आन पुस्तक निघालेलं होतं का एखादं?"

हे सोपान वाठोरे. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. छंद : मेलेल्या माणसांची वाचनालयाची कार्डं जमवणे.

नवीन माणसाला हे ऐकून शिसारी येते. मलाही आली होती. माझे वडील गेले तेव्हा हे गृहस्थ असेच ओट्यावर दिसले. मी डोक्याचा चकोट केलेला, तीन दिवस झोप नाही, आणि समोरचा माणूस कार्ड मागतोय. मी वाचनालयाचा मानद सचिव असूनही (मानद म्हणजे कुलूप आपणच उघडायचं, झाडूही आपणच मारायचा आणि शिव्याही आपणच खायच्या) मला ते कार्ड कुठे आहे हे माहीत नव्हतं. म्हणून मी जास्तच चिडलो. "वाठोरेमामा, काही लाजलज्जा?" असं काहीतरी मोठ्याने बोललो. आई आतून उठली, देवळीतलं कार्ड आणि उशाखालचं पुस्तक घेऊन आली आणि त्यांच्या हातात ठेवलं. पुस्तक खुनाच्या रहस्यकथेचं. पान दुमडलेलं होतं.

दोन दिवसांनी मामा परत आले. दारातूनच म्हणाले, "वैनी, वाचून झालं. खून दिवाणजीनं केला."

आई भाजी निवडत होती. हातातली मेथी तशीच राहिली. "दिवाणजीनं? अन् हे रोज जेवताना सांगत होते, डॉक्टरच हाय म्हणून! पैज लावली होती माझ्याशी!"

"डॉक्टर बिचारा साधा मानूस निघाला," मामा म्हणाले.

आई हसली. वडील गेल्यानंतरचं पहिलं हसू. हसता हसता रडली, पण आधी हसली हे मी पाहिलं. त्या दिवसापासून मी मामांना शिव्या देणं बंद केलं आणि रद्द झालेली कार्डं त्यांनाच देऊन टाकायची परवानगी दिली. वाचनालयाच्या कपाटात तेवढीच जागा झाली.

तर छंद नुसता कार्डांचा नव्हता. कार्डावर जे पुस्तक निघालेलं असेल, ते जिथे दुमडलेलं असेल तिथून पुढे मामा वाचून काढत. शेवटपर्यंत. मग पुस्तक वाचनालयात जमा, कार्ड त्यांच्या पेटीत जमा. यामागचं तत्त्वज्ञान त्यांनी मला देवघेवीच्या टेबलावर कोपर टेकून सांगितलं होतं. "असं हाय सर, उतारू मधीच उतरला. पन तिकीट तर शेवटच्या स्टॉपचं फाडेल हाय ना? मंग गाडी मधीच उभी करून जमन का? कोनीतरी पोचवाया पाह्यजे."

पोचवताना पुस्तक कोणतं हे ते बघत नसत. पाटलांच्या थोरल्या सूनबाईंनी मरण्याआधी भरतकामाचं पुस्तक काढलेलं होतं. मामांनी साखळी टाका, काश्मिरी टाका, सगळं वाचलं. पुढे महिनाभर कोणाच्याही साडीकडे टक लावून बघायचे आणि मामी त्यांना चारचौघांत झापायच्या, "म्हातारपनी काय सुचून राह्यलं तुमाला!" एका ज्योतिष्याचं पुस्तक वाचून झाल्यावर मला म्हणाले, "बराबर लिव्हेल हाय सगळं. पन त्याला सोताचं काही दिसलं न्हाई."

कार्डं ठेवायला त्यांच्याकडे कंडक्टरची जुनी पत्र्याची पेटी होती. त्यात कार्डं लावलेली होती ती स्टॉपच्या क्रमाने. आधी सेनगाव बसस्टँडकडची माणसं, मग पुढची गावं, हिंगोली, आणि तिकडे टोकाला कनेरगाव नाका. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पिनेने टोचलेला फोटो आणि पिनेच्या गंजाचा तांबूस डाग. कोणाच्या लग्नातला फोटो कापून लावलेला, शेजारच्या नवरीचा खांदा तेवढा राहिलेला. मामा पेटी उघडत, बोटाला थुंकी लावत, एकेक कार्ड सरकवत आणि मान हलवत. गाडी सुटण्याआधी माणसं मोजावीत तसं.

कनेरगाव नाक्याच्या कप्प्यात एक कार्ड कोरं करकरीत होतं. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा, धाब्याजवळ मोटारसायकलच्या अपघातात गेला. कार्डावर पुस्तक एकच निघालं होतं, भरतीच्या प्रश्नांचं. मामांनी ते सगळं सोडवलं. गणितं, दिशा, घड्याळाचे काटे, सगळं. मागे उत्तरं होती, ती आधी बघितली नाहीत. मग कनेरगावला जाऊन त्याच्या बापाला पुस्तक दाखवलं. बापाने विचारलं, "पास झालं असतं का हो आमचं लेकरू?"

"झालं असतं," मामा म्हणाले.

हे त्यांनीच मला सांगितलं. मी आपला मास्तर माणूस, विचारलं, "मामा, तुमची किती बरोबर आली?"

"माझी अर्ध्याच्या वर चुकली, सर. पन त्याची नसती चुकली."

आता माझ्याविषयी. या गोष्टीत जो घोळ आहे तो माझा आहे, आणि तो माझ्या स्वभावाला धरूनच आहे. वाचनालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवतो. गावात कोणी गेलं की सगळ्यात आधी बातमी माझीच पडली पाहिजे, असं एक खूळ मला आहे. त्यासाठी मोबाईलमध्ये एक चित्र तयारच ठेवलेलं असतं : खाली पणती, वर पांढरी फुलं, मध्ये फोटोची रिकामी चौकट आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटो बसवला, नाव टाकलं, सोडलं. गावात मला 'श्रद्धांजली सर' म्हणतात. एकदा आमच्या अध्यक्षांच्या वाढदिवशी घाईत केकच्या चित्राऐवजी हे पणतीचं गेलं होतं. अध्यक्षांचा फोन आला, "सर, शुभेच्छा पोचल्या. मरू तरी द्या आधी." माणसाने यातून शिकायला हवं होतं. ग्रुपवरची पणती काढून मी केक टाकला. खूळ तसंच राहिलं.

मामांच्या बाबतीत एक गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. मेलेल्यांची पुस्तकं दोन दिवसांत उडवणारा हा माणूस एक पुस्तक मात्र वर्षानुवर्षं मुदतवाढ घेत होता. एका दरोडेखोराची जाडजूड कादंबरी. तीही स्वतःच्या कार्डावर नाही, गफूरभाई ड्रायव्हरच्या कार्डावर. दर पंधरवड्याला मामा टेबलाशी यायचे, गफूरभाईचा कार्ड नंबर सांगायचे आणि म्हणायचे, "जयभीम सर. मुदत वाढवा." मी देवघेवीच्या वहीत शिक्का मारायचो. ती कादंबरी आमच्या अध्यक्षांना वाचायची होती. ते दर बैठकीत विचारायचे, "तो दरोडेखोर सापडला का?" मी म्हणायचो, "अजून फरार आहे."

गफूरभाई आणि मामा एकाच गाडीवर होते. एकाने चालवायची, दुसऱ्याने तिकिटं फाडायची. गफूरभाईला उर्दू वाचता यायची, मराठी अक्षर येत नव्हतं. तरी सेनगावात राहायला होते तेव्हा त्यांनी वाचनालयाचं कार्ड काढलं. गाडी स्टँडवर उभी असली की मामा ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर बसून वाचणार आणि गफूरभाई स्टिअरिंगवर हनुवटी टेकून ऐकणार. उतारू ओरडायला लागले की मामा पान दुमडून दोनदा घंटी मारणार. निवृत्तीनंतर गफूरभाई जवळा बाजारला मुलाकडे राहायला गेले. मग मामा दर आठवडी बाजाराच्या दिवशी सेनगावहून हिंगोली, हिंगोलीहून औंढा, औंढ्याहून जवळा बाजार अशा गाड्या बदलत जायचे आणि संध्याकाळच्या आत परत यायचे. लोकांना वाटायचं बाजार करायला जातात. पिशवी जाताना रिकामी, येतानाही रिकामी.

घोळ झाला त्या दिवशी सकाळी माझ्या मोबाईलवर जवळा बाजारच्या एका ओळखीच्या माणसाचा निरोप आला : 'गफूरभाई ड्रायव्हर गुजर गये.' मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्या जुन्या कार्डांवरच्या फोटोंपैकी गफूरभाईचा फोटो माझ्याकडे मोबाईलमध्ये होता, ऐन उमेदीतला, मिशा वळवलेला. चौकटीत बसवला. 'आमच्या वाचनालयाचे जुने सभासद' असं लिहिलं. सोडलं. चहा गरम होता तोवर हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

मामांकडे बटणांचा फोन. ते ग्रुपवर नव्हते. म्हणून मी मोटारसायकल काढून त्यांच्या घरी गेलो. अशा वेळी माणसाने काय बोलावं ते मला येतं असा माझा समज आहे. मामा अंगणात तुरीच्या काड्यांची झाडणी बांधत होते. मी खांद्यावर हात ठेवून सांगितलं. त्यांनी झाडणी शेवटपर्यंत बांधली, गाठ मारली, भिंतीला टेकवून ठेवली आणि माझ्या मागच्या सीटवर येऊन बसले.

गाडी सुरू केली तशी मामी आतून धावत आल्या. "आवो, पिशवी! पिशवी राह्यली की!"

"राहू दे."

"कार्ड नाही आनायचं का?"

"राहू दे म्हनलं ना!"

मामी दारात पिशवी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. अख्ख्या तालुक्यात मेलेल्याच्या घरी पिशवीशिवाय न गेलेला माणूस. मला तेव्हा काहीतरी कळायला पाहिजे होतं. मी हॉर्न वाजवला.

औंढ्याला चहाला थांबलो. मामांनी कपाला हात लावला नाही. समोर सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला एक टेम्पो वळत होता, तिकडे बघत म्हणाले, "सर, ते पुस्तक मी मुद्दाम ठिवलं होतं लांबवून. दर बाजाराला एकच पान वाचायचो. तो किती म्हनला तरी एकच."

"काहून?" मीही त्यांच्या बोलीत शिरलो.

"इतक्या लोकायची पुस्तकं संपवली मी. पुस्तक संपलं की कार्ड पेटीत. दर टायमाला." त्यांनी बोटाला थुंकी लावली, पण सरकवायला काही नव्हतं. "मंग म्हनलं, याचं संपवायचंच न्हाई. बघू कसा उतरतो."

मी त्यांचा गार झालेला चहाही पिऊन टाकला आणि गाडीला किक मारली.

जवळा बाजारला गफूरभाईच्या गल्लीत शिरलो. मंडप नाही. खुर्च्या नाहीत. माणसं नाहीत. मला वाटलं, मय्यत उरकली असेल. घरासमोर बाज टाकलेली, बाजेवर कोणीतरी पाय लोंबवून बसलेलं. पायांवर सूज, गुडघ्यांवर चादर, मिशा पांढऱ्या पण वळवलेल्या.

गफूरभाईने आधी मामांकडे पाहिलं, मग त्यांच्या रिकाम्या हातांकडे.

"क्यों बे सोपान, कार्ड लेने आया? थैली किधर है तेरी?"

मामा जागच्या जागी उभे. मग एकदम अशी शिवी हासडली की समोरच्या घरातली बाई पडदा सारून बघायला आली. ती शिवी गफूरभाईला होती, एस.टी.ला होती, मला तर होतीच. मग ते बाजेवर बसले आणि चादरीवरून गफूरभाईचे गुडघे दाबायला लागले. बराच वेळ. जोरात.

"अबे दुखता है!"

"दुखू दे. दुखतंय म्हंजे हायेस."

गेलेले गफूरभाई दुसरेच होते. पलीकडच्या गल्लीतले, काळी-पिवळी चालवणारे. इकडच्या गफूरभाईंना स्वतःच्या मृत्यूची बातमी सुनेने मोबाईलवर दाखवली होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, फोटू मगर अच्छा लगाये तुम. जवानी का. मेरेकूच रोना आया देख के."

मी जमिनीकडे बघत तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर दुरुस्ती टाकली : 'आपले सभासद गफूरभाई हयात आहेत. चुकीबद्दल क्षमस्व.' अध्यक्षांचं उत्तर लगेच आलं : 'सर, स्वतःची बातमी तरी नीट तपासून टाका.'

सुनेने आतून कादंबरी आणली. मामांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि वाचायला लागले. वाचतात मोठे छान, प्रत्येक माणसाचा आवाज वेगळा. दरोडेखोर नदीच्या काठावर आलेला, मागे शिपाई, समोर पाणी. पान संपलं. वाक्य अर्धंच होतं. मामांनी पुस्तक मिटलं आणि बाजेच्या लाकडावर दोनदा टकटक केलं.

"अबे आज तो आगे पढ़! मर के आया मैं!"

"पुढच्या बाजारी."

"वो पकड़ा जाता की नै, इतना तो बोल!"

"मालाबी माहीत न्हाई," मामा म्हणाले आणि पाणी प्यायला आत रांजणाकडे गेले.

गफूरभाईने मला बोटाने जवळ बोलावलं. कानाशी तोंड आणून म्हणाले, "बहू मराठी स्कूल में पढ़ी है. पूरी किताब कबकी सुना दी मेरेकू. पकड़ा बी नै जाता वो, मरता बी नै. बूढ़ा होके घर जाता." मग आतल्या दाराकडे बघून डोळा मारला. "इसकू मत बोलना. आने का बंद हो जायेगा साला."

माझ्या पोटात बातमी ठरत नाही हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. गफूरभाईला माहीत नसावं. परतीच्या वाटेवर मामा मागच्या सीटवरून बोलत होते, हसत होते, मला येता-जाता शिव्या घालत होते. औंढ्याला भजी खाल्ली. तीन वेळा माझ्या ओठांवर आलं. तिन्ही वेळा मी भजं तोंडात टाकलं.

त्यानंतर बरेच बाजार मामा गेले. मी शिक्के मारत राहिलो. मग थंडीत एकदा जवळा बाजारहून पुन्हा निरोप आला. या वेळी मी चार ठिकाणी फोन लावले. सुनेशी स्वतः बोललो. खरंच होतं.

मामांना सांगायला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. त्यांना कळलेलं होतं. मोटारसायकलकडे बघून म्हणाले, "मातीला पोचू का?" पोचलो. कबरीत माती लोटताना मामांच्या मुठीतली माती सुटेना, कोणीतरी बोटं उघडली.

तिसऱ्या दिवशी जियारतीला, कबरीवर फुलं वाहायला, मीच त्यांना घेऊन गेलो. मामी या वेळी पिशवी घेऊन दारात आल्या नाहीत. फातेहा झाल्यावर सुनेने कार्ड आणि कादंबरी आणून मामांच्या पुढे ठेवली. लोकांना मामांची रीत माहीत होती. मामांनी पुस्तक उघडलं. दुमडलेल्या पानाच्या पुढे थोडीच पानं उरलेली होती, एका बैठकीत उरकतील इतकी. सून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मामांनी पुस्तक मिटलं. "सर," ते म्हणाले, "त्याला पुढचं सांगायचं ऱ्हायलंय. तो वाट बघून ऱ्हायला आसन, पकडला का न्हाई म्हनून."

सांगून टाकावं असं मला वाटलं. गफूरभाईला सगळं ठाऊक होतं, म्हातारा होऊन घरी जातो तो. पण मग मामांनी बाजाराच्या दिवशी जायचं कुठे?

या वेळी तोंडात टाकायला भजं नव्हतं. मी उठून मोटारसायकलची किल्ली शोधायला लागलो. भजं नव्हतं.

मामा अजूनही दर बाजाराच्या दिवशी तीन गाड्या बदलून जवळा बाजारला जातात. कब्रस्तानच्या भिंतीला टेकून बसतात आणि वाचतात. मी एकदा गुपचूप मागे गेलो होतो. पूर्वी एक पान वाचायचे, आता अर्धंच. मग भिंतीवर बोटाने टकटक, दोनदा.

दर पंधरवड्याला टेबलाशी येतात. "जयभीम सर. मुदत वाढवा."

नियमाप्रमाणे ते कार्ड रद्द व्हायला हवं. मी शिक्का मारतो. अध्यक्ष विचारतात, दरोडेखोर सापडला का? मी म्हणतो, फरार आहे.

गफूरभाई गेल्यावर पहिल्यांदा शिक्का मारून घेताना मामांनी कार्ड हातात घेतलं, फोटोवरच्या मिशांवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि हळू आवाजात विचारलं, "सर, तुमच्या त्या गुरूपवर टाकलं का?"

"नाही."

"नका टाकू."

"नाही टाकत."

टाकलेलं नाहीच. पणतीचं चित्र मोबाईलमधून काढून टाकलंय. आमच्या ग्रुपवर कोणीही शोधून पाहावं, गफूरभाईंच्या नावाने शेवटची बातमी तीच आहे : आपले सभासद हयात आहेत. चुकीबद्दल क्षमस्व.